लवूमामाचे महिन्याचे तीन लाडके

लवू धुरी चोर आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. मागाहून दुसऱ्या कुणाकडून कळलं तर उगाच लपवल्यासारखं व्हायचं.

बोरिवलीला वझिऱ्याच्या बाजूला 'पारिजात' नावाची सोसायटी आहे. दोन विंगा, छप्पन्न घरं आणि मागच्या अंगाला लांबोडकी बाग. त्या बागेत लवू एकतीस वर्षं माळीकाम करतो. वय साठ, अंगानं काटकुळा, पायात रबरी चपला, खिशात कायम सुतळीचं बंडल. सोसायटीतली लहानथोर सगळी त्याला लवूमामा म्हणतात. बागेत दीडपावणेदोनशे प्रकारची झाडं आहेत. त्यातली नर्सरीतून रीतसर आणलेली किती, तर हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. बाकी सगळी चोरीची.

आता हे चोरीचं प्रकरण जरा नीट समजून घ्यायला पाहिजे. लवूचा बाप परळला गिरणीत कामाला, घर चाळीतलं दहा बाय बाराचं, आणि बाग म्हणजे गॅलरीतला डालड्याचा डबा. त्या डब्यात लावायला समोरच्या चाळीतल्या अबोलीची फांदी हवी होती. सातआठ वर्षांचा लवू शहाण्यासारखा मागायला निघाला, तर आईनं बखोट धरून मागं ओढला. "मागू नको रे. गपचूप घेऊन ये. मागलेला लागना नाय." देणाऱ्याचा जीव त्या फांदीत अडकतो, मग ती मूळ धरत नाही, असं त्या माऊलीचं म्हणणं. मालकानं बघायचं नाही, आपण मागं वळून बघायचं नाही, आणि आभार तर मुळीच मानायचे नाहीत. लवूनं ते जे गाठीला बांधलं ते बांधलंच.

पुढे त्यानं त्यात पदरचे दोनचार नियम घातले. फूल तोडायचं नाही, फळाला हात लावायचा नाही. मरतुकड्या झाडाच्या वाटेला जायचं नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची एकच काडी घ्यायची, ती तिरक्या कापानं. "फूल घेतलां तर ती चोरी," तो बायकोला समजावून सांगायचा. "फांदी घेतली तर त्या झाडाचो वंश वाढता." बायको म्हणजे प्रेमा. ती मालवणी मसाला करून विकते आणि तिचं डोकं ठिकाणावर असतं. ती म्हणायची, "ह्यां पोलिसांक सांगा."

आणि गंमत बघा, याच माणसाकडे पारिजातमधल्या चौदा घरांच्या किल्ल्या होत्या. लोक मे महिन्यात गावाला जातात, दिवाळीत फिरायला जातात, कुणी मुलाकडे अमेरिकेला जाऊन सहा सहा महिने बसतात. मग कुंड्यांना पाणी कोण घालणार, तर लवूमामा. पंपाच्या खोलीत दाराच्या मागं चौदा खिळे, प्रत्येक खिळ्याला एक किल्ली, आणि प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याचा तुकडा. तुकड्यावर घराचा नंबर नाही. त्या घरातल्या झाडाचं नाव. 'शेवंती', 'गवती चहा', 'बोन्साय'. किल्ली भलत्याच्या हाती पडली तरी घर कुठलं ते कळू नये, म्हणून ही युक्ती. एकतीस वर्षांत कुणाच्या घरातली टाचणी इकडची तिकडे झाली नव्हती. लवूला स्वतःचं काही कौतुक वाटत असेल तर ते या चौदा खिळ्यांचं, आणि ते वाटणं अगदी रास्त होतं.

सोमवारी त्याला सुट्टी. सुट्टीच्या दिवशी घरात बसेल तर तो लवू कसला. काजूपाड्यातल्या आपल्या खोलीतून सकाळी जो निघायचा तो दिवेलागणीला परत. कधी गोराईला पलीकडे जाऊन तिथल्या बायकांचे भाजीचे वाफे बघून यायचा, कधी भायखळ्याला फुलांच्या प्रदर्शनात पाय दुखेपर्यंत उभा राहायचा. गाण्याभजनाचं वेड बापाकडून आलेलं. दोन भजनीबुवांचा सामना, म्हणजे डबलबारी, असेल तर मुलुंड काय नि घाटकोपर काय, लवू पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेला. आणि महिना संपला की जेवता जेवता तो निकाल लावायचा. या महिन्यात आवडलेलं एक झाड, एक कार्यक्रम आणि एक ठिकाण. तीनच. चौथं आवडलं तरी त्याचं नाव काढायचं नाही. प्रेमा आमटी वाढत "बरां" म्हणायची आणि विसरून जायची.

विसरली नाही ती प्रांजल, त्यांची मुलगी. ती मालाडला एका ऑफिसात जाहिरातींचे व्हिडिओ करते. गेल्या जूनमध्ये तिनं बापाला बागेत अनंताच्या झाडाजवळ उभं केलं आणि फोन समोर धरला. "बाबा, जेवताना सांगतोस ना, तस्संच सांग. जास्त शहाणपणा नको करू." झालं, 'लवूमामाचे तीन लाडके' सुरू झाले. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी एक.

लवू कॅमेऱ्यासमोर असा बोलायचा की समोर कॅमेरा आहे हे त्याच्या गावीही नसायचं. ऑक्टोबरमध्ये त्यानं सप्तपर्णी सांगितली. "लोक बोंबलतात, वासानं डोकं दुखतं. दुखू दे. वर्षातून पंधरा दिवस दुखलं तर काय मरताय?" कार्यक्रम म्हणून घाटकोपरची डबलबारी, कारण तिथं एका बुवाचा पखवाज ऐन रंगात फुटला आणि पठ्ठ्यानं पुढची अख्खी गवळण मांडीवर ठेका धरून म्हटली. ठिकाण म्हणून गोराईची बोट, पण फक्त परतीची, कारण दुपारी जाताना ऊन डोळ्यांत येतं. डिसेंबरात तर त्यानं सांगितलं, "या महिन्यात एकही कार्यक्रम आवडला नाय. तीन बघितले, तिन्ही बंडल." लोकांना हे भारी आवडायचं. पारिजातमधल्या बायका लिफ्टमध्ये त्याच्या बोलण्याच्या नकला करायच्या, आणि सेक्रेटरी क्षमाताई, ज्या दातांच्या डॉक्टर आहेत, त्यांनी तर दवाखान्यात बसलेल्या पेशंटांनाही ते व्हिडिओ दाखवले होते.

जानेवारीत प्रांजल म्हणाली, "नवीन वर्ष आहे, बाबा. तुझं सगळ्यात म्हणजे सगळ्यात लाडकं काय ते सांग." लवू सरळ बागेच्या कोपऱ्यातल्या गावठी गुलाबाकडे गेला. हा आपल्या दुकानातला ताठ मानेचा, बिनवासाचा गुलाब नव्हे. फिकट गुलाबी, पाकळ्यांनी गच्च भरलेला, स्वतःच्याच वजनानं मान खाली घातलेला. याच्या पाकळ्यांचा गुलकंद करतात. एक फूल उमललं तर ए विंगेच्या जिन्यापर्यंत वास जातो.

"सोळा वर्षं झाली," लवू सांगायला लागला. "पार्ल्याला सकाळच्या गाण्याला गेलेलो. असं गाणं परत ऐकलं नाय. कान भरून गल्लीगल्लीतून स्टेशनला निघालो, तर एका बंगल्याच्या मागच्या भिंतीवरून हा साहेब खाली वाकून बघतोय. आत रहाटाची विहीर, कोण नाय काय नाय. चढलो भिंतीवर. शर्टाची बाही फाटली ती बायकोला आजपर्यंत सांगितली नाय. एका दिवसात तिन्ही लाडके गावले, गाणं, पार्लं आणि हा." मग तो मनापासून हसला आणि म्हणाला, "चोरला. सरळ चोरला. हाच कशाला, आमची सगळी बागच चोरीची आहे."

हे वाक्य प्रांजलनं कापायला हवं होतं. रोज आठ तास कापाकापीचंच काम करते ती. पण तिला ते हसणं इतकं गोड वाटलं की तिनं व्हिडिओ तिथंच संपवला आणि टाकून दिला. सोमवारपर्यंत तो चाळीस हजार लोकांनी पाहिला होता.

त्यात ए विंगेतल्या चौथ्या मजल्यावरचे नंदकुमार करंदीकरही होते. विमा कंपनीतून निवृत्त, बोन्सायचा नाद, आणि नियमांचे मोठे भोक्ते. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की लवूबद्दल व्यक्तिशः त्यांचा आकस काही नाही. पण जो माणूस दुसऱ्याच्या भिंतीवर चढून चोरी करतो आणि ते जगाला हसत हसत सांगतो, त्याच्याकडे आपल्या घरांच्या किल्ल्या असाव्यात का, याचा विचार सर्वांनी करावा.

सर्वांनी विचार केला. मंगळवारी सकाळी 'शेवंती'वाल्या वहिनी पंपाच्या खोलीशी आल्या. "लवूमामा, पाहुणे यायचेत हो, एक जादाची किल्ली लागेल." दुपारी 'गवती चहा'. त्यांचं कुलूप बदलायचं होतं. बुधवारी चार. कुणाची मोलकरीण नवीन होती, कुणाची बहीण राहायला येणार होती, आणि करंदीकरांनी काहीच कारण न सांगता नुसता हात पुढे केला. लवू प्रत्येकाला किल्ली काढून द्यायचा, पुठ्ठ्याचा तुकडा सोडवून आपल्या खिशात ठेवायचा. शुक्रवारी दाराच्या मागं चौदा खिळे होते आणि पाच किल्ल्या.

"माका कोण चोर म्हणाला नाय गो," त्या संध्याकाळी तो प्रेमाला म्हणाला. "म्हणाले असते तर बरां झालां असतां. सगळे हसान किल्ली मागतत." तो जेवला नाही. प्रेमाला नेहमीसारखं काहीतरी खोचक बोलायचं होतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिनं नुसती त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ताट झाकून ठेवलं. तिला रडू येत होतं आणि चाळीस हजार लोकांचा रागही येत होता.

प्रांजलनं व्हिडिओ काढून टाकायला फोन उघडला, तर खाली एक नवीन मजकूर आलेला. "त्या भिंतीमागचा बंगला माझा होता. मला या गृहस्थांना समक्ष भेटायचे आहे. पत्ता कळवावा. इरावती केळकर, विलेपार्ले."

प्रांजलनं फोन बापासमोर धरला. "बाबा, मी डिलीट मारते यार. आपण काय बघितलंच नाही."

"नाय," लवू म्हणाला. "केलेलां लपवूचा कित्याक? क्षमाताईंनी रविवारी दहाला मीटिंग लावलीय किल्ल्यांची. त्या बाईंना पण तेव्हाच बोलव. काय तां एकदाच होऊन जाऊ दे."

रविवारी दहाला बागेत खुर्च्या मांडल्या होत्या. कमिटीची नऊ माणसं, आणखी बघे चारपाच, क्षमाताई हातात वही घेऊन अवघडून बसलेल्या. त्यांच्या मनात लवूला दुखवायचं नव्हतं, पण करंदीकरांना गप्प करणंही त्यांना जमत नव्हतं. लवू धुतलेला शर्ट घालून पारिजातकाला टेकून उभा होता, बाजूला प्रेमा आणि प्रांजल. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि पायात चक्क पळायचे बूट, अशा एक आजीबाई उतरल्या. ऐंशी पार केलेल्या, पण पाठ ताठ. पार्ल्यात त्यांनी तेहेतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं, आणि ते त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं.

"कोण तो?" त्यांनी विचारलं.

लवू पुढं झाला आणि हात जोडले. "मीच, बाई. सोळा वर्षांपूर्वी. भिंतीवरून."

इरावतीबाई त्याच्याकडे बघून पुढं गेल्या, थेट कोपऱ्यात. गुलाबाला त्या दिवशी तीन फुलं होती. त्यांनी चष्मा काढला, वाकल्या, आणि एका फुलात नाक घालून तशाच राहिल्या. इतका वेळ राहिल्या की क्षमाताई घाबरून उठल्या. बाई सरळ झाल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि त्याची त्यांना काही लाज वाटत नव्हती.

"माझ्या आईचा आहे," त्या म्हणाल्या. "तिनं लावलेला. बंगला पाडून बिल्डिंग झाली त्याला नऊ वर्षं झाली. झाड हलवून देतो म्हणाले होते. मी आठ दिवस भावाकडे गेले आणि परत येते तो तिथं खडी पडलेली. तेव्हापासून मी हा गुलाब शोधतेय. नर्सरीवाले देतात ते बिनवासाचे. आई गेली तेव्हा मी रडले नाही इतकी त्या खडीवर उभी राहून रडले."

करंदीकर चष्मा पुसायला लागले.

"तेव्हा चोरलात ते बरंच केलंत म्हणायचं," बाई म्हणाल्या. "आता मला याची एक फांदी द्या."

आणि इथं लवूनं जे केलं ते फक्त लवूच करू जाणे. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "नाय बाई. मी देणार नाय."

एकच गलका झाला. करंदीकर उभेच राहिले. "बघा, बघा. त्यांच्याच मालकीचं झाड, आणि हा देत नाही म्हणतो." क्षमाताईंनी कपाळावर हात मारला. प्रेमानं तर पदर तोंडाला लावला. एकदा का या माणसाच्या डोक्यात काही बसलं की संपलं, हे तिला तीस वर्षं ठाऊक होतं.

"माझं ऐका तरी," लवूचा आवाज फाटला. "दिलेली फांदी लागत नाय, बाई. हा सगळ्या मुंबईत एकच उरलाय, तुमच्या आईचा. मी माझ्या हातानं दिली आणि ती मेली, तर मी तुम्हाला तोंड काय दाखवू? मला चोर म्हणा, चालेल. पण देणार नाय."

"अहो, मुळं फुटायची पावडर मिळते, ती लावली की लागतं कुठलंही," क्षमाताई म्हणाल्या.

इरावतीबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तेहेतीस वर्षांची सवय. "पुरावा काय?" त्यांनी लवूला विचारलं.

"मागून आणलेल्या सात. सातही गेल्या."

"आणि चोरलेल्या?"

"दोनशेच्या वर. गेल्या असतील चारपाच."

बाई विचारात पडल्या. "सातावरून काही सिद्ध होत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "एखाद्या मुलानं मला पेपरात हे लिहून दिलं असतं तर मी शून्य दिलं असतं." मग त्यांनी गुलाबाकडे बघितलं. "पण आईच्या बाबतीत मी धोका पत्करणार नाही. काय करायचं असतं ते सांगा."

लवूचा चेहरा उजळला. "मालकानं बघायचं नाय. इथं मालक म्हणजे सोसायटी. तेव्हा सगळ्यांनीच."

मग त्या रविवारी पारिजातच्या बागेत जे दृश्य दिसलं ते तिथल्या माणसांच्या जन्मभर लक्षात राहील. अख्खी कमिटी उठून कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. क्षमाताई वहीसकट, प्रांजल फोन पाठीमागं धरून, बघे चारपाच, सगळे. करंदीकर तेवढे तसेच उभे होते.

"तुम्ही," इरावतीबाई म्हणाल्या. "चष्मेवाले. ऐकू येत नाही का? भिंतीकडे तोंड."

करंदीकर वळले. लवूची कटर कुणीतरी विसरल्यासारखी ओट्यावर पडलेली होती. जिनं आयुष्यात कुणाचं खोडरबरसुद्धा न विचारता घेतलं नाही ती बाई पदर खोचून गुलाबाच्या जाळीत शिरली. पाठमोरा लवू भिंतीला उद्देशून बोलत होता, "कोण चोरत असेल तर त्यानं गेल्या मोसमातली फांदी घ्यावी. कोंब फुटतो त्या डोळ्याच्या खाली कापावं. तिरकं. आणि हळू हो, काटे वाईट आहेत." मागं एकदा "आई गं" ऐकू आलं, मग कच्चकन एक आवाज, मग पिशवीची चेन.

बुटांचा आवाज फाटकाकडे गेला. तिथं तो थांबला. बाईंना मागं वळून काहीतरी म्हणायचं होतं हे भिंतीकडे बघत उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं. सगळ्यांनी श्वास धरून ठेवला. आवाज पुन्हा सुरू झाला, रिक्षा निघून गेली, आणि मगच लवूनं मान वळवली. त्यानं डोळे पुसले आणि क्षमाताईंना विचारलं, "हां, आता मीटिंगचं काय ते बोला." क्षमाताईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, चहा मागवते.

पण चहा पिऊन किल्ल्या परत येत नाहीत. माणसं ओशाळली की आणखीनच टाळायला लागतात. पुढचे दोन आठवडे लवूला बघून जो तो फोनमध्ये डोकं घालायचा. मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी लवूला दिसलं की गुलाबाची एक फांदी गेलीय. काप सरळ, चेचलेला, करणाऱ्यानं बहुधा भाजीची सुरी वापरली होती. लवूनं तिथं नीट काप घेतला, हळद लावली आणि कुणाला काही बोलला नाही.

चारच दिवसांनी करंदीकर पंपाच्या खोलीशी आले. मुलीकडे पुण्याला दहा दिवस जायचं होतं. त्यांनी किल्ली पुढे केली, पण नजर वर केली नाही. "बोन्सायचं तुला माहीतच आहे, लवू. आणि ते... एक नवीन रोप आहे बेडरूमच्या खिडकीत. जरा जपून." लवूनं किल्ली घेतली. संध्याकाळी वर जाऊन बघतो तर गुलाबाची काडी कुंडीत उलटी खोचलेली, डोळे खाली आणि बूड वर. अजून हिरवी होती बिचारी. लवू त्या रिकाम्या घरात पोट धरधरून हसला, मग काडी सुलट केली, माती दाबली, आणि नाव न घालता एक कोरा पुठ्ठा त्या किल्लीला बांधला. करंदीकरांनी दिली म्हटल्यावर होळीपर्यंत बाकीच्यांचे पाहुणे गेले, बहिणी गेल्या, कुलपं जुनीच बरी वाटायला लागली. वर एक नवीन घर आलं आणि चौदाच्या पंधरा झाल्या.

तरी लवूच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पार्ल्याहून काही निरोप नव्हता आणि विचारायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. मार्चअखेर एका दुपारी प्रांजलच्या फोनवर इरावतीबाईंचा फोन आला. "त्यांना सांग, तीन पानं," एवढंच म्हणून त्यांनी ठेवला. लवूनं ते ऐकलं आणि बागेतल्या नळाखाली डोकं धरलं.

मेमध्ये दुसरा फोन. "फूल आलंय. सोमवारी सगळे या."

तिघंही गेले. पाचव्या मजल्यावरचं घर, पुस्तकांनी भरलेलं, आणि लांबट गॅलरी. मातीच्या कुंडीत दीड वीत उंचीचं रोप, आणि त्याला पेलवणार नाही एवढं मोठं एक फूल मान खाली घालून. लवू त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"आज सकाळी मी झोपेतून उठले," इरावतीबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आणि घरात वास होता. ऐंशी वर्षांची बाई मी. मला वाटलं आई मागच्या अंगणातून आत आली." त्यांनी लवूकडे बघितलं. त्यांच्या तोंडाशी एक शब्द आला, तो त्यांनी तसाच गिळला. तेहेतीस वर्षं पोरांना ज्या बाईनं आभार मानायला शिकवलं, तिला ते न मानणं किती जड जात होतं ते प्रेमाला स्पष्ट दिसलं.

बाईंची नजर गॅलरीभर फिरली. दुसऱ्या टोकाला कठड्यावर नेवाळीचा वेल पांढऱ्या फुलांनी लगडला होता. आत येताना लवू त्याच्यापाशी दोन क्षण जास्त थांबला होता, आणि ते त्यांच्या लक्षात आलं होतं.

"मला चहा करायला वीस मिनिटं लागतात," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "प्रेमाताई, तुम्ही माझ्याबरोबर स्वयंपाकघरात या. दार ओढून घेते हं, वारा फार येतो." आणि प्रेमाचा हात धरून, पाठ फिरवून, त्या आत गेल्या. दार लागलं. आतून भांड्यांचा जरुरीपेक्षा जास्त आवाज यायला लागला.

लवू तसाच बसून त्या बंद दाराकडे बघत राहिला. मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं, उठला, खिशातली कटर काढली आणि फोन धरून उभ्या असलेल्या लेकीकडे बघितलं.

"प्रांजल," तो म्हणाला, "आधी तो फोन बंद कर."